पेट्रोल गळते, गाडी चालू होत नाही

जुनी मोटारसायकल घरीच खोलून साफ करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यात वाईट काही नाही. पण कधी कधी असे होते. कार्बोरेटर साफ करून परत बसवला, अन् खालच्या नळीतून पेट्रोल टपटप गळू लागले. वर गाडीही चालू होईना. मग काय पाहावे?

आधी टाकीखालचा कॉक बंद करा. गाडी ढकलत अंगणात आणा. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते. म्हणून वर न जाता जमिनीलगत पसरते आणि लांबच्या चुलीपर्यंतही पोचते. तिथे ती पेटली, की जाळ उलटा गाडीपर्यंत येतो. तेव्हा जवळ विडी नको, कंदील नको. गळती शोधायला काडी ओढणे तर मुळीच नको. दिवसाउजेडी बघा.

आता कार्बोरेटरच्या पोटात काय असते ते पाहू. तळाशी एक छोटी वाटी असते. तिच्यात हलका फ्लोट तरंगतो. पाण्याच्या टाकीतला गोळा आठवा. टाकी भरली, की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. इथेही तसेच. वाटीत पेट्रोल चढले, की फ्लोट वर उचलला जातो आणि एक बारीक सुई पेट्रोलची वाट बंद करते. सुईच्या टोकाशी मातीचा कण अडकला, तर वाट बंद होत नाही. फ्लोट वाकडा बसला किंवा सुईचे टोक झिजले, तरी तेच. मग जादा झालेले पेट्रोल नळीतून बाहेर पडते.

सगळे कोरडे पुसा. कॉक उघडा आणि मिनिटभर नीट बघा. खालच्या नळीतून थेंब येत असतील, तर वाटीच्या बुडाचा स्क्रू आवळून पाहा. पुष्कळ गाड्यांत तो सैल राहिला तरी त्याच नळीतून गळते. तरी थांबले नाही, तर सुई आणि फ्लोट पाहा. सुईचे टोक घासू नका, फक्त पुसा. झिजले असेल तर नवी सुई आणा. वाटीच्या कडेने पाझरत असेल, तर रबरी पॅकिंग बसवताना चिमटले असणार. पाइपाच्या टोकाला ओल दिसली, तर क्लिप राहिली आहे किंवा पाइप तडकला आहे. हल्ली पेट्रोलात इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत मिसळतात. ते जुन्या रबराला मानवत नाही. पाइप पेट्रोलसाठीचाच घ्यावा. पाण्याची नळी कापून लावू नये.

गळती थांबली, पण गाडी चालू होत नाही? आधी प्लगची टोपी घट्ट बसली आहे का, ते पाहा. घाईत तीच राहून जाते! मग प्लग काढा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोचतच नाही. कॉक उघडा आहे ना, पाइप दुमडलेला नाही ना, हे बघा. प्लग ओला असेल, तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. कॉक, चोक आणि चावी बंद ठेवा. प्लग काढलेलाच असू द्या. पाच-सहा किक मारा, म्हणजे पेट्रोल बाहेर पडेल. प्लग पुसून, वाळवून लावा. ओल्या गाडीपाशी ठिणगी तपासण्याचा उद्योग मात्र करू नका.

हे सारे कार्बोरेटरच्या गाडीचे झाले. 1 एप्रिल 2020 पासून नवे नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन असते. तिथे पाइपात पेट्रोल दाबाखाली असते. तो घरी सोडू नये, मिस्त्रीकडे जावे.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सुई गळत असली आणि कॉक रात्रभर उघडा राहिला, तर पेट्रोल इंजिनाच्या ऑइलातही उतरते. ऑइल पातळ होते आणि इंजिन आतून घासून खराब होते. म्हणून किक मारण्याआधी ऑइलची पट्टी काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल खुणेच्या वर चढलेले दिसले, तर गाडी चालू करू नका. सुई दुरुस्त करा, ऑइल बदला, मगच किक मारा.