अंगठा कुठे ठेवावा?

आमच्या घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिलीच, आणि पेटीला हात लावणारीही पहिलीच. बदलापूरला आमच्या महिला भजनी मंडळात मी तीन वर्षे पेटी वाजवते. आई टाळ धरते. गेल्या आषाढी एकादशीला माझी जी फजिती झाली, तिच्यातून हा लेख निघाला आहे.

शिवरंजनीत बांधलेला एक अभंग काळी चारमध्ये झाला. काकूंचा आवाज चांगला तापला होता. त्यांनी त्याच चालीचा पुढचा अभंग काळी पाचमध्ये उचलला. ओळ संपली की मी सा, कोमल ग, प, तार सा अशी झेप घेते. तशी ती घेतली आणि बोटे एकमेकांत अडकली. बायका टाळावर गात राहिल्या, पेटी मुकी! कोणी काही बोलले नाही. आईने एकदा मान वळवून पाहिले, तेवढेच.

या झेपेला पाश्चात्त्य संगीतात मायनर आर्पेजिओ म्हणतात. तीन स्वर एकदम न वाजवता एकामागून एक छेडायचे. हार्प या वाद्याच्या इटालियन नावावरून हा शब्द आला. पुढे उल्हासनगरला एका रद्दीच्या दुकानात मला हॅनन यांचे पियानोच्या सरावाचे पुस्तक मिळाले. मूळ पुस्तक १८७३ सालचे. त्यात प्रत्येक स्वराला बोटाचा आकडा दिलेला आहे. १ म्हणजे तर्जनी असे समजून मी आठ दिवस चुकीचाच सराव केला! पियानोवाल्यांचे पहिले बोट म्हणजे अंगठा.

अंगठ्याला हा मान युरोपातही उशिराच मिळाला. योहान सेबास्टियन बाख यांच्या तरुणपणी मोठमोठे वादकही बोटे फार ताणावी लागली तरच अंगठा वापरत, असे त्यांचे पुत्र कार्ल फिलिप एमॅन्युएल यांनी १७५३ च्या ग्रंथात नोंदवले आहे. आमच्या मंडळातल्या मावशीही तीनच बोटांवर वाजवतात, आणि गोड वाजवतात. पण लांबच्या झेपेत बोटे संपतात. पट्टी सुटली की भात्यात हवा असूनही पेटीचा स्वर तुटतो; पियानोसारखे तो पायाने धरून ठेवण्याची सोय इथे नाही. म्हणून बोटांखालून अंगठा सरकवून हात पुढे न्यावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. अंगठा आखूड, काळ्या पट्ट्या उंच आणि मागे. म्हणून अंगठा शक्यतो पांढरीवर ठेवायचा. पांढरी सहाचा सा धरला तर तिन्ही स्वर पांढरे: सा वर अंगठा, ग वर तर्जनी, प वर मधले बोट, आणि त्याखालून अंगठा पुन्हा तार सा वर. अर्धा स्वर खाली, काळी चारला, सा आणि प काळे झाले. पांढरा उरला तो फक्त ग. म्हणून सा वर तर्जनी, ग वर अंगठा, प वर पुन्हा तर्जनी, तार सा वर अनामिका. काळी पाचला पांढरा फक्त प. तिथे सा तर्जनी, ग मधले बोट आणि अंगठा प वर. म्हणजे शेजारच्या तीन सुरांत अंगठ्याच्या जागा तीन! मी त्या दिवशी काळी चारचीच बोटे काळी पाचवर नेली होती. काळी दोनला तर तिन्ही स्वर काळे; तिथे अंगठा काळीवर टाकण्यावाचून गत्यंतर नाही, हात आत सरकवून पांढरी सहासारखीच बोटे घ्यायची.

पुस्तकातला डाव्या हाताचा भाग मी सोडून दिला, कारण आमचा डावा हात भात्यावर असतो. स्केल चेंजर पेटीत पट्ट्याच सरकवता येतात, तेव्हा सूर बदलला तरी बोटे तीच राहतात. पण तशी पेटी घेण्याइतके पैसे आमच्या मंडळाकडे नाहीत. खरे सांगायचे तर आता मला ती नकोही आहे.

सकाळच्या लोकलमध्ये बसायला मिळाले, तर मी मांडीवरच्या वहीवर बोटे फिरवते. शेजारच्या बाईंना वाटते, मी हिशेब करते आहे. अंबरनाथपर्यंत काळी चार, पुढे उल्हासनगरपर्यंत काळी पाच. चढताना आता जमते. उतरताना प वरच्या अंगठ्यावरून मधले बोट ओलांडून ग वर टाकायचे असते, तिथे अजून अडखळते. कार्तिकी एकादशीला काकू कोणता सूर धरतील, ते त्या आधी सांगत नाहीत.