विडाल तीनदा, क्रिएटिनिन एकदाही नाही

ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही की संग्रामपूर-जळगाव जामोदकडचा माणूस म्हणतो, ‘रक्त तपासून घेऊ ना जी एकदा.’ तासाभरात चिठ्ठी हातात पडते, विडाल पॉझिटिव्ह. संध्याकाळपर्यंत सलाईन लागते आणि गावात बातमी पोचते, अमक्याला टायफाईड निघाला.

परवा आमच्या चुलतकाकांची रिपोर्टांची पिशवी चाळली. दोन पावसाळ्यांत तीन विडाल, कुठे १:८०, कुठे १:१६०. ‘पेशी कमी झाल्या’ म्हणून केलेल्या चिठ्ठ्या वेगळ्याच. काकांनी पासष्टी ओलांडलेली. शेत खारपाणपट्ट्यात, बीपीची गोळी कित्येक वर्षांची, गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या जवळजवळ रोजच्या. पिशवीत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मात्र एकदाही नाही, लघवीची तपासणीही नाही.

विडाल ही १८९६ सालची, फर्नांड विडाल या फ्रेंच डॉक्टरच्या नावाची चाचणी. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. ती मागच्या आजाराची असू शकतात, लसीची असू शकतात, दुसऱ्याच एखाद्या तापातही वाढलेली दिसू शकतात. जिथं टायफॉइड नेहमीचाच, तिथं धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडीफार सापडतात. म्हणून एका नमुन्यावरून फारसं कळत नाही. आठ-दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन आकडा चौपट झाला का, हे पाहायचं असतं. पण बरा झालेला माणूस दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यायला कशाला येईल? खरा भरवसा रक्ताच्या कल्चरवर, तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेल्या. त्याला दोन-चार दिवस लागतात, सोय तालुक्याला असेलच असं नाही, आणि तोवर गोळ्या सुरू झालेल्या असतात. विडाल स्वस्त आणि लगेच होणारी. शिवाय ती तापाला नाव देते. बिननावाचा ताप घेऊन घरी जायला पेशंट तयार नसतो आणि तसं पाठवायला डॉक्टरही.

मूत्रपिंडाचं उलट आहे, तिथं चाचणी हवी असूनही कुणी मागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा असा पसरलेला. इथल्या काही गावांत ‘किडनीचा पेशंट’ ही बातमी राहिलेली नाही. दोष कुणाचा यावर एकमत नाही. पाण्यातल्या क्षारांकडे बोट दाखवलं जातं. उन्हातलं काम, कमी पाणी पिणं, वेदनाशामक गोळ्या, फवारणीची औषधं हेही संशयित आहेत. कारण ठरेल तेव्हा ठरेल, पण बिघाड ओळखण्यासाठी त्याची वाट पाहायची गरज नाही.

अडचण अशी की मूत्रपिंड कुरकुर करत नाही. निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिनचा आकडाही जागचा फारसा हलत नाही. हा पदार्थ स्नायूंतून येतो, त्यामुळे तोच १.२ धिप्पाड तरुणाला ठीक आणि काटकुळ्या म्हातारीला धोक्याचा. वय आणि लिंग धरून सूत्रानं काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज, म्हणजे ‘ईजीएफआर’, म्हणूनच जास्त बोलका. लघवीत उतरणारं अल्ब्युमिन अनेकदा त्याहूनही आधी इशारा देतं.

काय तपासायचं हे काय विचारलंय त्यावर ठरतं, याचा धडा शेगाव तालुक्यानं जानेवारी २०२५ मध्ये दिला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीत येऊ लागले. आधी संशय पाण्यावर, मग बुरशीवर. आयसीएमआरचं पथकही येऊन गेलं. विंचूदंशावरच्या कामामुळे ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मात्र ताटातला गहू तपासायला पाठवला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम फार वाढल्याचं त्यांनी सांगितलं. नेहमीच्या यादीत सेलेनियम नसतंच. कुणी मुद्दाम मागितल्याशिवाय ते रिपोर्टात येणार नव्हतं.

काकांना शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं. महालॅब योजनेमुळे तिथं रक्त फुकट तपासतात. जाताना कुरकुर चालूच होती, ‘आंगात काही नाही अन् सुई कायले टोचून घेऊ?’ खिडकीपलीकडच्या ताईंनी कागद पुढे ओढत विचारलं, ‘ताप किती दिवसांचा, बाबा?’

‘ताप नाही.’

त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि विडालपुढे सवयीनं केलेली खूण खोडली.