अप्पा जळगावकर

सखाराम प्रभाकर ऊर्फ अप्पा जळगावकर (जन्म : जालना, ४ एप्रिल १९२२, मृत्यू : पुणे, १६ सप्टेंबर २००९) हे हिंदुस्थानी संगीतातील ख्यातनाम संवादिनीवादक होते. आडनावामुळे ते खानदेशातील जळगावचे असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात ते मराठवाड्यातील जालन्याचे. त्यांच्या जन्मकाळी जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला.

घडण

अप्पांचे आरंभीचे शिक्षण गायनाचे होते. बाळकृष्णबुवा चिखलीकर यांच्याकडे त्यांनी धृपद-धमाराची तालीम घेतली. साथीदाराच्या दृष्टीने हा पाया मोलाचा होता. गायक पुढची जागा कोणती घेणार, श्वास कोठे सोडणार, समेवर कसा येणार, हे ज्याने स्वतः गाऊन पाहिले आहे त्यालाच नेमके उमगते.

वाद्याची मर्यादा

संवादिनी, म्हणजेच बोलीतील पेटी, मूळची युरोपीय. आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली पॅरिसमध्ये तिचे एकस्व घेतले. पायाने भाता चालवण्याच्या या वाद्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात हाताने वाजवण्याजोगे रूप मिळाले व ते घरोघरी पोहोचले. तिच्यावरील आक्षेप मात्र निराधार नव्हते. पट्टी दाबली की स्वर ठरलेल्या जागीच उमटतो. मींड निघत नाही. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग मानले, तर नैसर्गिक शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ भागांवर असतो, तर समान विभागणीच्या पेटीत तो ४०० वर येतो. तयार कानाला हा चढेपणा खटकतो. त्यामुळे गायकाचा स्वर लांबत असताना पेटी किती वाजवावी, यापेक्षा कोठे थांबवावी याचे भान साथीदाराला अधिक लागते.

नभोवाणीवरील बंदी

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने संवादिनीवर बंदी घातली. रवींद्रनाथ टागोर यांचाही या वाद्याला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे स्वतः मराठी भाषक. महाराष्ट्रात तर पेटी नाट्यसंगीतापासून भजनापर्यंत सर्वत्र रुळलेली. तरीही त्यांच्या १९५२ ते १९६२ या कार्यकाळात बंदी कायम राहिली. बंदी आली तेव्हा अप्पा सुमारे १८ वर्षांचे होते आणि १९७१ मध्ये ती अंशतः उठली तेव्हा ४९ वर्षांचे. उमेदीचा सारा काळ त्यांच्या वाद्याला देशातील सर्वांत मोठे श्रोतृवर्तुळ बंद होते. नभोवाणीवर गायकांना सारंगी किंवा व्हायोलिन यांची साथ मिळे. तेच गायक मैफलीत पेटी घेऊन बसत. पेटीवादकाचे नाव व्हायचे ते अशा मैफलींतून, संगीत महोत्सवांतून आणि बंदीबाहेर असलेल्या ध्वनिमुद्रिकांतून.

साथ आणि सन्मान

भीमसेन जोशी, जसराज यांसारख्या श्रेष्ठ गायकांना अप्पांनी साथ केली. त्यांच्या अनेक ध्वनिमुद्रणांतून अप्पांची पेटी आजही ऐकता येते. साथीबरोबरच त्यांनी एकलवादनही केले. नभोवाणीवर मात्र १९७१ च्या सवलतीनंतरही पेटीच्या एकलवादनावर निर्बंध राहिला. २००० साली संगीत नाटक अकादमीने अप्पांना संवादिनीवादनासाठी पुरस्कार दिला.