डुकराच्या पिलांचा अतिसार आणि आनुवंशिकता

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत डुकराची पिले पाण्यासारख्या हगवणीने मरतात, ही पशुपालकांची जुनी तक्रार आहे. पुष्कळदा या रोगाचे कारण एश्चेरिशिया कोलाय हा जीवाणू असतो. वस्तुतः निरोगी प्राण्यांच्या आतड्यातही त्याचा वास असतोच. परंतु त्याच्या काही वाणांच्या अंगावर प्रथिनांचे अतिसूक्ष्म तंतू असतात. अशा एका प्रकारच्या तंतूंना के-८८ असे नाव आहे. त्यांच्या योगे जीवाणू लहान आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटतो. एरवी तो अन्नरसाबरोबर पुढे वाहून गेला असता. चिकटलेला जीवाणू विष स्रवतो आणि शरीरातील पाणी व क्षार आतड्यात झिरपून पिलू दगावते.

सर्वच डुकरांच्या आतड्याला हे जीवाणू चिकटत नाहीत, असे इंग्लंडमधील कॉम्प्टन येथील संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. आतड्याच्या पेशींचे काठ वेगळे काढून त्यांत जीवाणू मिसळले असता काही डुकरांच्या बाबतीत सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूंची दाटी दिसे, तर काहींच्या बाबतीत एकही चिकटत नसे. जीवाणूच्या पकडीला लागणारा ग्राहक रेणूच या दुसऱ्या गटात नव्हता. ग्राहक असणे हे प्रभावी लक्षण, तर नसणे हे अप्रभावी. अर्थात, आई आणि बाप या दोघांकडून 'नसण्याचे' जनुक मिळाले तरच पिलू या रोगापासून सुरक्षित राहते.

मग पैदाशीसाठी प्रतिकारक्षम जनावरेच निवडावीत, असे कोणालाही वाटेल. पण प्रश्न इतका सरळ नाही. प्रतिकारक्षम मादीच्या आतड्यात हे जीवाणू ठाण मांडत नाहीत. म्हणून तिच्या चिकात त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडेही फारशी नसतात. तिचा संयोग ग्राहकयुक्त नराशी झाला, की पिले ग्राहक घेऊन जन्मतात, आणि चिकातून मिळायचे संरक्षण मात्र त्यांच्या वाट्याला येत नाही. उलट रोगप्रवण मादीची पिले आईच्या चिकावर पुष्कळदा तरून जातात. तेव्हा मादी निवडली आणि नर तसाच ठेवला, तर निवड न केलेलीच बरी!

नराची पारख करण्यातही अडचण होती, कारण मूळ चाचणीला आतड्याचा तुकडा लागे. पुढे या जनुकाचे स्थान तेराव्या गुणसूत्रावर निश्चित झाले आणि त्याच्या निकटच्या खुणेवरून जिवंत जनावराची डीएनए चाचणी करता येऊ लागली. डेन्मार्कमधील पैदासकारांनी तिचा उपयोग केला आहे. औषधी मात्रेतील झिंक ऑक्साइडच्या वापरावर युरोपीय संघाने जून २०२२ पासून बंदी घातल्यामुळे, दूध तोडल्यानंतरच्या अतिसारासाठीही या मार्गाचे महत्त्व वाढले. मात्र त्या वयात एफ-१८ नावाचे निराळे तंतू असलेले जीवाणूही रोग घडवितात, आणि त्यांच्या ग्राहकाशी निगडित असलेले जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे.