वरच्या मजल्याचा उकाडा : समज आणि वस्तुस्थिती

एप्रिल-मेमध्ये गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये रात्री अकरालाही पंखा गरम वारा देतो. यावर पैसे खर्च करण्यापूर्वी काही समज तपासून घ्यावेत.

गैरसमज : इन्सुलेशन थंड देशांसाठी असते.
वस्तुस्थिती : उष्णता नेहमी गरमाकडून गाराकडे जाते. थंड देशात इन्सुलेशन आतली ऊब राखते, तर नागपूर-चंद्रपुरात तेच बाहेरची उष्णता अडवते. मराठवाड्यातल्या माळवदावरचा मातीचा जाड थर हेच काम करायचा.

गैरसमज : स्लॅब जाड असला की पुरे.
वस्तुस्थिती : तेवढ्याच जाडीच्या थर्माकोलच्या तुलनेत काँक्रीटमधून सुमारे चाळीसपट उष्णता आत येते. शिवाय स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो. छतातून किती उष्णता झिरपते हे ‘यू-व्हॅल्यू’ सांगते. ती जितकी कमी, तितके बरे. नव्या निवासी इमारतींसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’नुसार छताची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नसावी. सहा इंची उघड्या स्लॅबची मात्र ३ च्या आसपास असते. त्यावर दोन इंची एक्सपीएस बोर्ड (फोमचा इन्सुलेशन बोर्ड) बसवला की ती १ च्या खाली येते.

गैरसमज : पांढरा रंग दिला की काम झाले.
वस्तुस्थिती : रंग ऊन परतवतो, इन्सुलेशन उष्णता अडवते; ही दोन वेगळी कामे आहेत. रंग स्वस्त आणि उपयोगी आहे, पण धूळ-शेवाळ चढले की त्याचा गुण उतरतो.

गैरसमज : वॉटरप्रूफिंगनेच उष्णताही थांबते.
वस्तुस्थिती : ब्रिकबॅट कोबा मुख्यतः पाण्याला उतार देण्यासाठी असतो. उष्णता तो थोडीच रोखतो.

गैरसमज : पीओपीचे फॉल्स सीलिंग हाच उपाय.
वस्तुस्थिती : नुसते पीओपी पातळ असते. वर ग्लासवूल भरले तर फरक पडतो, पण ते ओले झाले की निकामी. शिवाय खालून काही केले तरी स्लॅब तापतोच. थर वरून दिला तर स्लॅबपर्यंत ऊन पोचत नाही.

तेव्हा आधी गच्ची धुऊन पांढरा रंग द्या. गळतीसाठी कोबा उखडावा लागणारच असेल, तर त्याच वेळी बोर्डही बसवून घ्या, खर्च वाचतो. बोर्ड आग सहज न पकडणारा आहे ना, हे विचारा. आणि गच्ची सामाईक असते, म्हणून सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काम सुरू करू नका.