टाकलेली माती आणि बसवलेली माती

डोंगरउतारावर घर बांधावयाचे म्हणजे प्रथम सपाट जागा निर्माण करावी लागते. तिची सर्वांत रूढ रीत अशी की, वरच्या अंगाची माती खोदावयाची व तीच खालच्या अंगास भरावयाची. अशी जागा पाहणाऱ्यास एकसंध दिसते. वस्तुतः तिचे दोन भाग अगदी भिन्न प्रकृतीचे असतात. खोदलेला भाग निसर्गाने दीर्घकाळात घडवलेल्या थरांवर टेकलेला असतो, तर भरलेला भाग माणसाने काही दिवसांत वा आठवड्यांत रचलेल्या मातीवर. या दुसऱ्या भागास ‘भराव’ म्हणतात.

भराव हे नाम एक असले तरी त्यामागील क्रियापदे अनेक आहेत. कामावरील माणसे माती टाकतात, पसरतात, भिजवतात, चोपतात आणि मग ती ‘बसली’ किंवा ‘बसली नाही’ असे म्हणतात. यांतील ‘बसणे’ हे क्रियापद विशेष लक्ष देण्याजोगे आहे. ‘बसवणे’ या त्याच्या प्रयोजक रूपात कर्ता माणूस असतो. ‘बसणे’ या मूळ रूपात मात्र माती स्वतःच कर्ता होते. व्याकरणातील हा भेद प्रत्यक्ष कामातही खरा ठरतो. माणसाने माती बसवली नाही, तर पुढे ती स्वभारामुळे व पावसामुळे आपोआप बसते. आणि उतारावर अशा बसण्याचा शेवट घसरण्यात होऊ शकतो. भरावाची सुरक्षितता या दोन रूपांतील अंतरावर अवलंबून असते आणि हे अंतर पूर्ण झालेल्या कामावर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

१. सैल मातीचा दोष

माती म्हणजे घन कण, पाणी व हवा यांचे मिश्रण होय. कणांना एकमेकांच्या जवळ आणून मधली हवा बाहेर काढणे, या क्रियेस संहनन म्हणतात. कणांमधील पाणी दीर्घकाळच्या भाराने हळूहळू बाहेर पडून माती आकसते, ती क्रिया वेगळी; तिला दृढीभवन ही संज्ञा आहे. पहिली क्रिया यंत्राने वा हाताने काही मिनिटांत साधते, दुसरीस चिकणमातीत कित्येक वर्षे लागू शकतात.

उतारावरून ढकलून दिलेली कोरडी माती वा वाळू आडव्या पातळीशी साधारणपणे ३० ते ३५ अंशांचा कोन करून स्थिर राहते. ही स्थिरता फसवी असते. सैल रचनेतील कण एकमेकांवर जेमतेम टेकलेले असतात. त्यांत पाणी शिरून ते हलू लागले की ती रचना आकसू पाहते. परंतु पोकळ्या पाण्याने भरलेल्या असल्याने त्या पाण्यास तत्काळ वाट मिळत नाही. परिणामी कणांवरचा भार पाणी आपल्यावर घेते, कणांचा परस्परांवरील दाब नाहीसा होतो व त्याबरोबर घर्षणही जाते. क्षणापूर्वी घन असणारी राशी द्रवाप्रमाणे वाहू लागते. घट्ट बसवलेल्या मातीचे वर्तन याच्या उलट असते. तिचे कण सरकण्यासाठी एकमेकांवर चढावे लागतात; म्हणजे ती राशी फुगू पाहते, आतील पाण्याचा दाब घटतो आणि प्रतिकार वाढतो. तेव्हा घट्ट व सैल माती यांतील भेद केवळ कमीअधिक ताकदीचा नाही. संकटसमयी त्या दोन विरुद्ध दिशांनी वागतात.

२. हाँगकाँगचे उदाहरण

या भेदाचे सर्वांत दुःखद प्रत्यंतर हाँगकाँग येथील साऊ माऊ पिंग या वसाहतीत आले. तेथील डोंगराळ भागात रस्ते व वस्त्या यांसाठी कुजलेल्या ग्रॅनाइटची माती भरावास वापरली होती. १८ जून १९७२ रोजी, कित्येक दिवसांच्या अतिवृष्टीनंतर, तेथील रस्त्याचा भराव कोसळून खालच्या वस्तीवर गेला व ७१ माणसे मृत्युमुखी पडली. २५ ऑगस्ट १९७६ रोजी त्याच वसाहतीत दुसरा भराव ढासळला. चिखलाचा लोंढा इमारतीच्या तळमजल्यात शिरून १८ जण मरण पावले.

दुसऱ्या दुर्घटनेनंतर नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने जे निदान केले, त्याचा आशय असा की, माती उतारावरून टाकली गेली होती, थराथराने चोपली गेली नव्हती. वरचा सैल थर पावसाने भिजून निःसत्त्व झाला. जुन्या भरावांसाठी मंडळाने सुचवलेला उपायही याच निदानास धरून होता : पृष्ठभागाची माती किमान ३ मीटर खोलीपर्यंत काढावी, ती पुन्हा थर देऊन घट्ट बसवावी आणि आतील पाण्याच्या निचऱ्याची सोय करावी. १९७७ मध्ये तेथे उतारांच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र भूतंत्र कार्यालय स्थापन झाले. माती तीच, उतारही जवळपास तोच; बदलावयाची होती ती केवळ मातीची बैठक, हे या उपायावरून ध्यानी येईल.

३. पाण्याचे योग्य प्रमाण

माती चोपताना पाणी शिंपडावे लागते, हे जुन्या कारागिरांसही ठाऊक होते. परंतु ते किती, याचे मोजमाप लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा विभागातील अभियंते आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेतून घालून दिले. माती अगदी कोरडी असेल तर तिचे कण व ढेकळे एकमेकांस विरोध करतात. पाणी वाढवत गेल्यास कण सुलभतेने सरकतात व घनता वाढते. एका मर्यादेपुढे मात्र पाणीच जागा अडवू लागते. धुम्मस उसळतो, माती रबरासारखी हलते आणि कोरड्या मातीची घनता पुन्हा उतरते. या दोहोंमधील, महत्तम घनता देणारा ओलावा म्हणजे इष्टतम ओलावा होय.

भारतीय मानक २७२० च्या सातव्या भागात या कसोटीचे हलके रूप दिले आहे. १००० घन सेंटिमीटरच्या साच्यात माती तीन थरांत भरतात आणि प्रत्येक थरावर २.६ किलोग्रॅमचा ठोकळा ३१० मिलिमीटर उंचीवरून २५ वेळा पाडतात. निरनिराळ्या ओलाव्यांवर हा प्रयोग करून आलेख काढला की शिखरबिंदू सापडतो. समजा, एखाद्या मुरमाची महत्तम शुष्क घनता १४ टक्के ओलाव्यावर दर घन सेंटिमीटरला १.८० ग्रॅम आली. कामावर ९५ टक्क्यांची अट असेल तर तेथील शुष्क घनता १.७१ ग्रॅमहून कमी चालणार नाही. ‘चांगले चोपावे’ या मोघम आज्ञेचे तपासता येण्याजोग्या विधानात रूपांतर होते, ते असे.

४. उतारावरील कामाचा क्रम

सपाटीवर जे पुरते ते उतारावर पुरत नाही. कारण येथे नवी माती जुन्या पृष्ठभागावरून सरकण्याचा धोका अधिक असतो. म्हणून पहिले काम जागा स्वच्छ करण्याचे. गवत, मुळे, पालापाचोळा व वरची सेंद्रिय माती पूर्णपणे काढली पाहिजे. ती खाली राहिल्यास कुजते व नेमक्या सांध्यावर निसरडा थर तयार होतो. झरा वा ओल आढळल्यास भराव घालण्यापूर्वीच त्या पाण्यास वाट काढून द्यावी लागते.

दुसरे काम पायऱ्या खोदण्याचे. तिरप्या पृष्ठभागावर थेट माती न घालता घट्ट जमिनीत आडव्या पायऱ्या पाडतात, म्हणजे भराव उतारावर टेकत नाही, पायरीवर बसतो. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय इमारत संहितेच्या परिशिष्टात मूळ उतार पाचास एक याहून तीव्र असून भराव ५ फुटांहून खोल असेल, तर अशा पायऱ्या व पायथ्याशी किमान १० फूट रुंद व २ फूट खोल चर सांगितला आहे. भरावाचा बाह्य उतारही सामान्यतः दोनास एक याहून तीव्र नसावा, असा तेथील दंडक आहे.

यानंतर भराव खालून वर, आडव्या थरांनी चढवावयाचा. वरून माती लोटून देणे सर्वथा वर्ज्य. उपरोक्त संहिता थरास १२ इंचांची कमाल मर्यादा घालते. हाताच्या धुम्मसाने काम होणार असेल तर थर याहून पुष्कळ पातळ असला पाहिजे, कारण आघाताचा परिणाम खोलवर पोहोचत नाही. एक थर पुरता बसल्यावर त्याचा पृष्ठभाग खरवडून व जरूर तर भिजवून दुसरा द्यावयाचा, अन्यथा दोहोंमध्ये सांधा राहतो.

भरावाची कड हा सर्वांत दुबळा भाग. तेथे रूळ नेणे चालकाच्या जिवास धोक्याचे आणि न नेणे भरावास. यावर उपाय असा की, भराव नियोजित रेषेच्या बाहेर थोडा अधिक रुंद घालावा आणि मागाहून ती सैल कड कापून काढावी. आधारभिंतीलगत जड रूळ फिरवल्यास भिंतच ढकलली जाते; तेथे हलकी साधने व पातळ थर वापरावेत, भिंतीमागे खडीचा निचरा व भिंतीत पाणी जाण्यास छिद्रे ठेवावीत.

मातीची निवडही महत्त्वाची. महाराष्ट्रात सहज मिळणारा चांगला मुरूम या कामास योग्य ठरतो. काळी माती ओलाव्याने फुगते व वाळताना भेगाळते, म्हणून ती भरावात टाळतात. येथील पाऊस बहुतांशी चार महिन्यांत पडत असल्याने उघड्या पायऱ्या व अर्धवट थर पावसाळ्यापर्यंत राहू न देणे, हेही या क्रमाचेच एक अंग होय.

५. तपासणीची वेळ

प्रत्येक थराची घनता तपासण्यासाठी त्यात लहान खड्डा घेऊन निघालेली माती तोलतात आणि ज्ञात घनतेची वाळू खड्ड्यात भरून त्याचे घनफळ काढतात. ही कसोटी साधी आहे, मात्र तिला वेळेचे बंधन आहे. वरचा थर पडला की खालचा थर, पायरी, झऱ्याची वाट, काढलेली वा न काढलेली मुळे, सारेच झाकले जाते. म्हणूनच भरावाची नोंद भरावाइतकीच थराथराने वाढली पाहिजे.

अशा देखरेखीचा लाभ किती, हे लॉस एंजेलिसच्या अनुभवावरून कळते. त्या शहराने डोंगरउतारावरील खोदाई व भराव यांसाठी १९५२ मध्ये नियम केले व १९६३ मध्ये ते अधिक कडक केले. भूवैज्ञानिक जेम्स स्लॉसन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या तक्त्यानुसार, १९५२ पूर्वीच्या सुमारे १०,००० जागांपैकी १० टक्क्यांहून अधिक जागांची हानी झाली. १९५२ ते १९६२ या काळातील सुमारे २७,००० जागांत हे प्रमाण १.३ टक्के, तर १९६३ नंतरच्या सुमारे ११,००० जागांत ०.१५ टक्के होते. डोंगर तेच होते. फरक पडला तो काम चालू असतानाच, माती उघडी असताना, जाणकाराने ती पाहणे सक्तीचे झाले म्हणून.

सारांश, उतारावरील भराव सुरक्षित आहे किंवा नाही हा प्रश्न घर उभे राहिल्यावर विचारण्याचा नाही. त्याचे उत्तर प्रत्येक थराबरोबर द्यावयाचे असते. ते त्या वेळी दिले गेले नाही, तर नंतर खोदूनच शोधावे लागते. साऊ माऊ पिंगच्या दुर्घटनांनंतर हाँगकाँगला तेच करावे लागले.