नासरेथचा पूर्वरंग, केडगावचा उत्तररंग

नाताळ आला की गोठ्यातील बालकाचे चित्र सर्वत्र दिसू लागते. बेथलेहेमचा तारा, मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष ही मंडळी आता आपल्याही परिचयाची झाली आहेत. परंतु शुभवर्तमाने वाचताना माझ्यासारख्या कीर्तनकाराचे मन अडते ते त्या जन्मकथेपुढील मौनापाशी. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात शास्त्र्यांशी प्रश्नोत्तरे करताना लूकने दाखविला आहे. त्यानंतर आपल्याला भेटतो तो एकदम तिशीतला येशू. मधली वर्षे नासरेथला, सुताराच्या घरात गेली. जाहीर कार्य सुमारे तीन वर्षांचे आणि त्याचा पूर्वरंग तीस वर्षांचा! पूर्वरंगावाचून आख्यान उभे राहत नाही, हे आम्हा हरिदासांना निराळे सांगावे लागत नाही.

म्हणूनच ख्रिस्ती साधनेत बाप्तिस्मा हे प्रस्थान आहे, मुक्काम नव्हे. खडकाळ जमिनीत पडलेले बी चटकन उगवते आणि उन्हाने करपते, असा दृष्टान्त येशूनेच दिला आहे. या धिम्या वाढीचे उदाहरण पाहण्यासाठी वाचकांना परदेशी जावयास नको. पंढरपुराहून कुर्डुवाडीमार्गे रेल्वेने पुण्यास निघालो की दौंड मागे पडल्यावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तेथे आजही आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या मातेने कन्येस. तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगावे आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, असा या कुटुंबाचा क्रम होता. म्हणजे व्यवसायाने ही मंडळी आमचीच. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले. पुढे 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या विशीतल्या मुलीस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. श्रोत्यांना अर्थ कळो न कळो, पुराणिक मोठ्याने वाचीत राहतो, असे त्यांनी उत्तरायुष्यात आपल्या जुन्या व्यवसायाविषयी लिहिले. हे वाचून मी खजील झालो. चाळीस वर्षांत माझेही कितीतरी श्लोक श्रोत्यांच्या डोक्यावरून गेले असतील.

1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात पतित मानलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळीत होत्या. हे कशाच्या बळावर, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या वाडवडिलांना या धर्मांतराचा फार राग आला. पुण्यास 1893 मध्ये शारदा सदनावरून वादळ उठले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा मी करू इच्छित नाही. मला महत्त्वाची वाटते ती रमाबाईंची स्वतःविषयीची कबुली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपणास ख्रिस्ती धर्म सापडला. ख्रिस्त मात्र अजून सापडलेला नाही! बुद्धीला पटलेले सत्य अंतःकरणात उतरलेले नव्हते. एवढ्या विद्वत्तेनंतर, एवढ्या जाहीर त्यागानंतर आपली वही कोरी आहे हे स्वतः सांगण्यास केवढे धैर्य लागत असेल! गुडघे टेकून करावयाची ती साधना नव्याने सुरू झाली.

ती कशासाठी होती, हे 1896–97 च्या दुष्काळात दिसले. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. उपासमार काय असते हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. स्वतःच्या आईवडिलांचा मृत्यू त्यांनी तशाच काळात पाहिला होता. 1900 च्या दुष्काळात गुजराथेतून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दीड हजाराच्या वर गेली. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. कन्या मनोरमाबाईंनी अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले.

मात्र संस्कृतचा विद्यार्थी म्हणून मी नतमस्तक होतो ते त्यांच्या बायबलच्या भाषांतरापुढे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आणि भाषा कोणती वापरली? सरस्वती म्हणून गौरविलेल्या या विदुषीने संस्कृतप्रचुर शब्द जाणूनबुजून टाळले. अल्पशिक्षित खेडवळ बाईला वाचता आले पाहिजे, हा हट्ट. शब्द हेच ज्याचे धन, त्याला ते धन उतरवून ठेवणे किती जड जाते हे आम्ही जाणतो. (हा लेखही तसा लिहावयाचा होता, जमले नाही!) 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंनी काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला आणि 1924 मध्ये तो संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे खिळे केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळविले होते.